तुळजापूर ते गंगाखेड : ज्योत आधी कुणाची?

वाचकहो, ‘जगात जर्मनी अन् भारतात परभणी’ ही म्हण तुम्ही ऐकली असेलच. आम्ही परभणीकर ती छाती फुगवून सांगतो, आणि बाहेरचे पाहुणे ती ऐकून गालातल्या गालात हसतात. म्हणीचा अर्थ कुणी कसाही लावो, एक गोष्ट मात्र खरी. मागे राहणे आमच्याकडच्या माणसाला मानवत नाही. पोळ्याला बैलाचा मान असो, गणपतीची आरास असो की लग्नाचा मांडव असो, शेजाऱ्यापेक्षा आपले हातभर पुढे असायला हवे.

ही चुरस डोळ्यांनी पाहायची असेल तर सर्वपित्री अमावास्येच्या रात्री गंगाखेडला या. दुसऱ्या दिवशी घटस्थापना असते. गोदावरीच्या पुलाच्या अलीकडे एखाद्या चहाच्या टपरीवर बसा. मध्यरात्र उलटली की परळीकडून एकेक उजेड हलत येताना दिसू लागतो. आधी मोटारसायकलींचे दिवे, मग हातातली मशाल घेऊन धावणारा अनवाणी पोरगा, त्याच्या मागे भोंगा लावलेला टेम्पो. ‘आई राजा उदो उदो’चा गजर होतो. एक ज्योत गेली की दुसरी येते. ही ज्योत तुळजापूरच्या भवानीच्या दारात पेटवलेली असते आणि गावच्या देवीसमोर घट बसण्याआधी ती न विझता गावात पोहोचवायची असते.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. तुळजापूर धाराशिव जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरावर. तिथून औसा, लातूर, अंबाजोगाई, परळी आणि गंगाखेड अशी वाट आमच्याकडे येते. दोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर. पोरांनी आळीपाळीने धावायचे म्हटले तरी एक दिवस आणि एक रात्र हवीच. आमचे गाव गंगाखेडच्या पुढे, परभणीच्या वाटेपासून थोडे आत आहे. नाव सांगत नाही, कारण ही गोष्ट एकट्या आमच्या गावाची नाही. तुमच्याही गावात ती घडत असेल.

आमच्या गावात नवरात्राची मंडळे दोन. एक मारुतीच्या पाराजवळचे, दुसरे बसच्या फाट्यावरचे. पूर्वी एकच होते. वर्गणीच्या हिशेबावरून कधीतरी बोलाचाली झाली आणि एकाची दोन झाली. दोघांची देवी वेगळी, भोंगा वेगळा आणि ज्योतही वेगळी. वाद एकाच गोष्टीचा, ज्योत वेशीत आधी कुणाची? जो आधी आला, त्याने वर्षभर मिशीला पीळ द्यायचा आणि दुसऱ्याने मान खाली घालायची.

एका वर्षी पाराच्या मंडळींनी मला टेम्पोत घेतले. म्हणाले, “मास्तर, तुम्ही नुसते बसा. म्हातारे माणूस सोबत असले म्हणजे पोरे धाकात राहतात.” पोरे किती धाकात राहिली ते पुढे सांगतो. आधी वाट तरी पाहून घेऊ.

तुळजापूरहून निघताना

तुळजापुरात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. महाराष्ट्रातून, कर्नाटकातून, तेलंगणातून मंडळे आलेली असतात. कल्लोळ तीर्थावर हातपाय धुवायचे, पायऱ्या उतरून दर्शन घ्यायचे आणि मशाल पेटवून बाहेर पडायचे. तेलाचा डबा टेम्पोत, चिंध्यांचे गाठोडे टेम्पोत, आणि पोरांच्या चपलाही टेम्पोतच.

लातूरपर्यंतचा रस्ता आता रुंद झाला आहे. तुळजापूरहून लातूर, नांदेड करीत थेट नागपूरकडे जाणारा हा महामार्ग. दुतर्फा सोयाबीन पिवळे पडलेले, कुठे कापणी चाललेली, कुठे ढिगावर ताडपत्री. या दिवसांत प्रत्येक शेतकऱ्याचे एक डोळे आभाळाकडे असते. परतीचा पाऊस आला तर हाती आलेले पीक जागेवर काळे पडते. आमच्या टेम्पोतल्या वीस पोरांपैकी निम्म्यांच्या घरी कापणी खोळंबली होती, हे मला लातूर येईपर्यंत कळले. घरी आईबाप रानात, आणि पोरगा ज्योतीला.

पण वाटेवरची माणुसकी पाहून मन भरून येते, हेही सांगितले पाहिजे. ओळख ना पाळख, तरी गावोगावी लोक रस्त्यावर उभे असतात. कुणी केळी देतो, कुणी चहा, कुणी पोरांच्या पायावर गार पाणी ओततो. बायाबापड्या ज्योतीला तेल घालतात आणि पदर पसरून नमस्कार करतात. त्यांना ज्योत पाराची की फाट्याची याच्याशी काही घेणे नसते. त्यांच्या लेखी ती आईची ज्योत असते.

अंबाजोगाईला पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. योगेश्वरीचे गाव, आद्यकवी मुकुंदराजांच्या समाधीचे गाव. दिवसा आलात तर दोन्ही ठिकाणे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. आम्हाला मात्र कुणी थांबू दिले नाही. फाट्याची ज्योत तासाभरापूर्वीच पुढे गेल्याचे टपरीवाल्याने सांगितले होते.

अमावास्येची रात्र

इथून रंग पालटला. अंबाजोगाईहून परळीकडे उतरताना घाट लागतो. आधी ठरले होते की पोरांनी धावायचे आणि मोटारसायकलींनी पुढेमागे सोबत करायची. आता एकाने मशाल घेऊन मोटारसायकलच्या मागे बसायचे ठरले. “थोडेच अंतर,” म्हणाले. थोड्याचे बरेच झाले. परळीत वैजनाथाच्या देवळाकडे तोंड करून हात जोडले आणि गाड्या गंगाखेडच्या रस्त्याला लागल्या.

अमावास्येची रात्र म्हणजे काळ्या रानात काळा रस्ता. पोरे पहाटेपासून जागी, पायांना फोड आलेले, पोटात केळी आणि चहा. एका गाडीवर तिघे. डोक्याला शिरस्त्राण नाही, भगवा फेटा. दोघा पोरांना पुढे पिटाळले, का तर फाट्याची ज्योत कुठवर गेली ते पाहून या म्हणून.

त्या दोघांना रस्त्याकडेला उभा असलेला ट्रॅक्टर दिसला नाही. मागे सोयाबीनचे मळणीयंत्र जोडलेले, त्याला ना दिवा ना तांबडी पट्टी. एक पोरगा बाजूच्या शेतात फेकला गेला म्हणून वाचला. दुसऱ्याचे मांडीचे हाड मोडले.

आम्ही पोहोचायच्या आधी तिथे कोण होते ठाऊक आहे? फाट्याचे मंडळ. आवाज ऐकून ते मागे फिरले होते. त्यांनी आपला टेम्पो रिकामा केला, आमच्या पोराला आडवे घातले आणि दवाखान्याकडे नेले. त्यांची मशाल धरलेला पोरगा तिथेच रस्त्याकडेला बसून होता. आमची मशाल आली तेव्हा त्याने आमच्या मशालीत तेल ओतले. त्या रात्री आधी कोण पोहोचले ते मला आठवत नाही. कुणीच विचारले नाही.

पोरगा वाचला. पण त्या हंगामात त्याच्या घरचे सोयाबीन उशिरा निघाले आणि मधल्या पावसाने निम्मे डागले. दवाखान्याच्या खर्चाला त्याच्या आईने गळ्यातली पोत मोडली. मंडळाने वर्गणी काढून दिली, पण वर्गणीने पाय सरळ होत नाही. तो अजून थोडा लंगडतो.

पॅरिसचे दोन गट

वाचकहो, ही खोड फक्त आपल्या गावकुसातली आहे असे समजू नका. लांब पल्ल्याचे पळणे आणि ते भरवणाऱ्यांची आपापसातली चढाओढ ही जगभर चालत आलेली गोष्ट आहे.

फ्रान्समध्ये १९०० च्या सुमारास सायकलींचे मोठे वेड होते. पॅरिसमध्ये खेळांची दोन दैनिके होती. एक पिएर जिफार यांचे ‘ल व्हेलो’, ते हिरव्या कागदावर निघे. दुसरे आँरी देग्रांज यांचे ‘लोतो’, ते पिवळ्या कागदावर. दोघांत विस्तव जात नव्हता. जिफार यांनी १८९१ सालीच पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी बाराशे किलोमीटरची शर्यत भरवून नाव मिळवले होते. त्यांच्यावर मात करायला देग्रांज यांच्या दैनिकाने १९०३ मध्ये सबंध देशाला वळसा घालणारी सायकल शर्यत काढली. हीच ती आज जगप्रसिद्ध असलेली ‘टूर द फ्रान्स’.

पहिल्या वर्षी सहा टप्प्यांत २,४२८ किलोमीटर अंतर होते. साठ जण निघाले, एकवीस जण शेवटपर्यंत पोहोचले. मोरिस गारँ नावाचा, पूर्वी धुराडी साफ करणारा गडी पहिला आला. ‘लोतो’चा खप दुपटीहून अधिक वाढला आणि पुढच्याच वर्षी ‘ल व्हेलो’ बंद पडले. भरवणाऱ्यांची लढाई अशी एका बाजूने जिंकली गेली.

पण रस्त्यावर काय झाले? टप्पे इतके लांब की रात्रभर सायकल चालवावी लागे. १९०४ मध्ये अंधाराचा फायदा घेऊन लोकांनी आपल्या माणसासाठी दुसऱ्याला अडवून मारले, रस्त्यात खिळे टाकले. काही स्पर्धकांनीही लबाड्या केल्या. शेवटी पहिले चारही जण बाद झाले आणि पाचव्या आलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला विजयी ठरवावे लागले. १९०५ मध्ये देग्रांज शहाणे झाले. त्यांनी टप्पे लहान केले, म्हणजे रात्रीचे पळणे टळावे.

मोटारसायकलवाल्यांची गोष्ट

आता अमेरिकेकडे वळू. तिथे लांब पल्ल्याची मोटारसायकल चालवणाऱ्यांची एक संस्था आहे. तिच्या इंग्रजी नावाचा अर्थ मराठीत सभ्यपणे सांगायचा तर ‘लोखंडी बैठक’. चोवीस तासांत एक हजार मैल, म्हणजे सुमारे १,६०० किलोमीटर गाडी चालवायची, ही तिची प्रवेशाची पायरी. परभणीहून निघालो तर दिल्ली मागे पडेल एवढे हे अंतर. पुरावा म्हणून वाटेवरच्या पेट्रोल पंपांच्या वेळ आणि ठिकाण छापलेल्या पावत्या दाखवायच्या. त्या तपासून प्रमाणपत्र मिळते. पहिला, दुसरा असा नंबर त्यात नसतो. १९८४ पासून या मंडळींची अकरा दिवसांची मोठी फेरीही होत आली आहे. तिच्यात क्रम लागतो, पण जिंकणाऱ्याला रोख इनाम मिळत नाही.

मग २०१० मध्ये दुसऱ्या लोकांनी निराळीच फेरी काढली. देशाच्या दक्षिण टोकाच्या की वेस्ट गावाहून उत्तरेला अलास्कातल्या होमर गावापर्यंत जायचे, गाडी हार्ले डेव्हिडसनचीच हवी, आणि पहिल्या येणाऱ्याला पाच लाख डॉलर. जुन्या मंडळींना ही इनामाची कल्पना मान्य नव्हती. त्यांचे म्हणणे साधे होते. झोप टाळून दिवसेंदिवस चालवणाऱ्या माणसापुढे पैशाचे गाजर धरले की तो थांबायला हवा तिथे थांबत नाही. नव्या फेरीत त्या वर्षी दोघे जण वाटेत दगावले आणि निकालावरून वादही झाला. इनाम एकाने दिले, दुसऱ्याने नाके मुरडली. पण रस्त्यावर जीव गेले ते गाडी चालवणाऱ्यांचे. भरवणारे दोन्ही गट सुखरूप घरी होते.

हे वाचल्यावर मला आमचा टेम्पो आठवला. “पुढे जाऊन पाहून या” असे त्या दोन पोरांना म्हणणारे आम्ही टेम्पोतच बसलेलो होतो.

दार उघडण्याची वेळ

चढाओढीतून चांगलेही निघते, तेही सांगतो. पुन्हा फ्रान्समध्येच, १९२१ च्या सुमारास, लांब पल्ल्याच्या हौशी सायकलवाल्यांत फूट पडली. एका गटाचे मत असे की सगळ्यांनी एका चालीने, एकत्र जावे. दुसरा म्हणाला, ज्याने त्याने आपल्या चालीने जावे. १९३१ मध्ये दोघांनीही पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशा आपापल्या फेऱ्या काढल्या. भांडण खरे होते, पण ते चालीवरून होते, पहिल्या नंबरावरून नव्हते. म्हणून कुणाचा पाय मोडला नाही आणि दोन्ही रीती टिकल्या.

यातली दुसरी रीत आता आपल्या महाराष्ट्रातही आली आहे. तिला ब्रेव्हे म्हणतात. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशे वीस तासांत, चारशे सत्तावीस तासांत सायकलने पुरे करायचे. वाटेत ठाणी असतात आणि तिथे हातातल्या कार्डावर शिक्का मारून घ्यायचा. गंमत पुढेच आहे. प्रत्येक ठाण्याची बंद होण्याची वेळ ठरलेली असते, तशी उघडण्याचीही वेळ ठरलेली असते. तुम्ही वाऱ्यासारखे धावत लवकर आलात तर शिक्का नाही! दार उघडेपर्यंत बसून राहा. घाई करून फायदा नाही असे एकदा ठरले की घाई आपोआप कमी होते.

ही युक्ती मी गावच्या बैठकीत सांगितली. आधी विचारले, “दोघे मिळून एकच ज्योत का आणत नाही?” दोन्हीकडचे असे गप्प बसले की तो विषय मी तिथेच सोडला. मग देवीच्या पुजाऱ्याने तोड काढली. सूर्य उगवल्याशिवाय कुणाचीही ज्योत वेशीत घ्यायची नाही. रात्री आलात तर फाट्याबाहेर चिंचेखाली बसा. दुसरे असे की वेशीत शिरण्याआधी मंडळाने आपली माणसे मोजून दाखवायची. निघताना यादीत जितकी नावे, तितकी माणसे उभी असली पाहिजेत. एखादा मागे असेल तर तो येईपर्यंत थांबायचे.

मोजायचे काम कुणाकडे द्यावे यावरही थोडी बोलाचाली झाली. शेवटी ज्याचा पाय मोडला त्या पोराच्या आईकडे ते गेले. आता त्या दिवशी ती हळदीकुंकवाचे ताट घेऊन वेशीत उभी असते. दोन्ही मंडळांची यादी तिच्या हाती देतात. तिला अक्षर वाचता येत नाही, पण पोरे तिला तोंडपाठ आहेत.

निघण्याआधी एवढे करा

तुमच्याही गावची पोरे तुळजापूरहून, माहूरहून किंवा एखाद्या गडावरून ज्योत आणत असतील. त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो.

मोटारसायकल सोबतीला असावी, शर्यतीला नको. परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर गाड्यांची शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमाप्रमाणे गुन्हा आहे. गाडीवर दोघेच बसावेत आणि दोघांच्याही डोक्याला शिरस्त्राण असावे. फेटा वेशीत आल्यावर बांधा.

धावणाऱ्यांच्या मागे टेम्पो हवा, त्याचे मागचे दिवे चालू हवेत. पोरांच्या पाठीवर उजेडात चमकणाऱ्या पट्ट्या लावा. पट्टी शे-दोनशे रुपयांत येते, हाड त्यात जुळत नाही.

चालकाला झोप द्या. वीस जणांत चालवणारे किमान दोघे असावेत आणि मध्यरात्रीनंतर दोन तास सगळ्यांनी थांबावे. ज्योत जागती ठेवायला एक जण पुरतो.

आणि शेतकरी बंधूंनो, हे तुम्हाआम्हाला. ट्रॉली, मळणीयंत्र, बैलगाडी रात्री रस्त्याकडेला उभी करू नका. करावीच लागली तर मागे तांबडी पट्टी लावा. त्या रात्री चूक पोरांची होती, तशीच ती पट्टी न लावणाऱ्याचीही होती.

परभणीला यायचे असेल तर दिवसा या. गंगाखेडला गोदावरीत पाय बुडवा, जनाबाईच्या गावचे दर्शन घ्या. वाट थोडी वाकडी करून पोखर्णीच्या नृसिंहाला जा. मग परभणीला १९७२ मध्ये स्थापन झालेले कृषी विद्यापीठ पाहा, रब्बी ज्वारीच्या बियाण्याची चौकशी करा. आणि सर्वपित्रीच्या रात्री याच वाटेवर असलात तर जरा सावकाश चालवा. पुढे कुठेतरी एक अनवाणी पोरगा मशाल घेऊन धावत असेल, आणि गावच्या वेशीत कुणाची तरी आई यादी घेऊन उभी असेल.